पाठीवरची बुट्टी

बेडूक या प्राण्याबद्दल मला कधी प्रेम नव्हतं आणि आजही फारसं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, सोडा' सांगून घरी आले की मला गरम चहा लागतो आणि शांतता लागते, निसर्ग लागत नाही. बेडूक माझ्या आयुष्यात आले ते सासऱ्यांमुळे, आणि आता ते जायचं नाव घेत नाहीत.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, गाव मालवणजवळचं, सगळी हयात काळाचौकीत. गिरणीच्या छपाई खात्यात ते खोदकाम करायचे. कापडावर जी फुलं, वेली, बुट्ट्या छापल्या जात, त्या आधी तांब्याच्या रोलरवर कोराव्या लागत. ते कोरणाऱ्यांपैकी हे एक. पुढे गिरणी बंद झाली, रोलर भंगारात गेले, पण बाबांची नजर काही निवृत्त झाली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी नवी साडी नेसून त्यांच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाच्या आधी म्हणाले, "पदराच्या वर तिसरी बुट्टी सरकल्ली आसा." मी नंतर उजेडात नेऊन बघितलं. सरकली होती, दोऱ्याइतकी. मला भयंकर राग आला, कारण त्यानंतर त्या साडीत मला दुसरं काही दिसेचना.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं. बाबा रोज सहाच्या ठोक्याला घरातून निघून परळच्या एका बागेत जायला लागले. आम्ही नवरा-बायको खूश. पण नवऱ्याने त्यांच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली होती, त्यात पावलं दिसायची ती जेमतेम बागेत जाऊन परत येण्याइतकी. दीड तास हे गृहस्थ करतात काय? ऑगस्टमधल्या एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले.

बागेच्या मधोमध एक जुनं दगडी तळं आहे. भोवती लोखंडी कठडा, आत थोडी कमळाची पानं. लोक त्याच्याभोवती गोल गोल चालत होते, पलीकडे हास्यक्लबवाले जोरजोरात हसत होते, आणि बाबा कठड्यावर वाकून, हात मागे बांधून, पाण्यात बघत उभे होते.

"बाबा, हे चालणं म्हणायचं का?"

त्यांनी मानही वळवली नाही. "गप रव गो. पायजमो इलो."

पायजमा म्हणजे एक बेडूक निघाला. मागच्या पायांवर गडद आडवे पट्टे, म्हणून पायजमा. त्याच्या बाजूला होता तो तीनबुट्टी, कारण खांद्याजवळ तीन मोठे ठिपके. पानाखालचा 'चुकलेली छपाई', कारण त्याच्या पाठीवरचे डाग एकमेकांत पसरलेले होते, ओल्या कापडावर छापल्यासारखे. हे बेडूक म्हणजे पावसात डराव डराव करणारे मोठे पिवळे नव्हेत. हे लहान, मळकट हिरवे-तपकिरी, हातपाय पसरून पाण्यावर तरंगत असतात आणि चाहूल लागली की पाण्यावरूनच टुणटुण उड्या मारत पळतात. मला सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. बाबांच्या हिशेबी तिथे एकवीस वेगवेगळे जण राहत होते.

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, एकटेपणाने माणूस असं काहीतरी शोधून काढतो. तेवढ्यात एक बेडूक नुसते डोळे वर काढून पाण्यात उभा राहिला. बाबा म्हणाले, "ही जाळीवाली. पाठीवर मधे रिकामी जागा आसा, त्याच्या खाली चार ठिपके जोडून. बघ आता." दोन मिनिटांनी ती बया दगडावर चढली. मधे रिकामी जागा, खाली चार ठिपके, एकमेकांना चिकटून. माझ्या अंगावर शहारा आला, खोटं कशाला बोलू. पाण्यातून दिसणाऱ्या दोन डोळ्यांच्या ठेवणीवरून या माणसाने बाकीची पाठ सांगितली होती.

मग मी त्यांना विचारलंच, कसं ओळखता म्हणून. ते म्हणाले, कापड बघायची रीत असते तीच. आधी जमीन बघायची, म्हणजे ठिपक्यांच्या खालचा रंग. पण त्यावर विसंबायचं नाही, कारण बेडूक उन्हात फिका दिसतो आणि चिखलात काळा. मग सगळ्यात मोठी बुट्टी शोधायची. मग तिच्यापासून दुसरी किती लांब, तिसरी कोणत्या अंगाला, असं मोजत जायचं. "धुवून धुवून कापडाचा रंग उतरता," म्हणाले, "पण बुट्टी आपली जागा सोडीत नाय." मी शाळेत जीवशास्त्र शिकले, नोकरीत माणसांची हाडं बघते, पण इतकं सोपं करून मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्यांची चित्रं! ती घरी टेबलावर काढायचे. तळ्याकाठी कधीच नाही. तिथे फक्त बघायचं, डोक्यात भरून घ्यायचं, आणि घरी येऊन चहा पिऊन झाला की बटर पेपरवर काळ्या शाईने उतरवायचं. एका कागदावर एक बेडूक, वरून बघितलेला, डोकं वर. कोपऱ्यात तारीख. समोर ठेवून तर कोणीही काढेल, असं त्यांचं म्हणणं. एकेक ठिपका असा काठ धरून भरलेला की मला त्या हाताचा हेवा वाटायचा. माझी नणंद येऊन गेली तेव्हा म्हणाली, "वहिनी, बाबांनी आम्हाला इतक्या प्रेमाने कधी बघितलं नाही गं." थट्टेत म्हणाली, पण अगदीच थट्टेत नव्हे. दिवाळीपर्यंत एकवीस कागद झाले आणि प्लॅस्टिकच्या एका फाइलमध्ये गेले. माझ्या मनात त्या फाइलबद्दल इतका आदर बसला होता की पाहुण्यांना मी आधी ती दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे.

मार्चमध्ये बागेत बोर्ड लागला. तळ्याला गळती होती, ते रिकामं करून तळाशी नवा गिलावा करणार होते. काम बघणारी इंजिनियर एक तरुण मुलगी होती, बोलायला चटपटीत आणि मनाने सरळ. बाबा तिच्याकडे गेले आणि विचारलं, बेडकांचं काय? ती म्हणाली, "आजोबा, बेडूक काय, पावसाळ्यात येतात, नंतर जातात. पुन्हा पाऊस पडला की पुन्हा येतील."

"हे जात नाहीत," बाबा म्हणाले. "हे इथेच राहतात. पाणी काढलंत तर मरतील."

ती विचारात पडली. वर्षभर राहणारे असतील तर तळ्याच्या मधे बांध घालून अर्धं अर्धं काम करता येईल, म्हणाली, म्हणजे अर्ध्यात पाणी राहील. पण त्याला दुप्पट वेळ लागणार, आणि फाइलमध्ये लिहायला तिला काहीतरी पुरावा हवा. पावसाळ्यातला बेडूक आणि आत्ता कडक उन्हाळ्यातला बेडूक एकच आहे, हे दाखवता येईल का? बाबा घरी आले ते जवळजवळ धावतच. पुरावा तर कपाटात होता. चित्रं पावसाळ्यापासूनची होती, आता फक्त फोटो काढायचे होते. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी तीन दिवस सकाळी कठड्याला पोट टेकवून मोबाइलने फोटो काढले. मग एका दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं बसलो. इकडे चित्र, तिकडे फोटो.

"हो घे तीनबुट्टी," बाबा म्हणाले.

मी बघितलं. चित्रात तीन ठिपके उजव्या खांद्यावर होते. फोटोत डाव्या. "हा तो नाही, बाबा."

"तोच आसा."

"कुठे तोच? याचे ठिपके डावीकडे आहेत, चित्रात उजवीकडे."

त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे, आणि अगदी मनापासून विचारलं, "मग?"

त्या 'मग?'ची मला भीतीच वाटली. पायजमा घेतला, तो जुळेना. जाळीवाली जुळेना. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे तोच आसा, आणि प्रत्येक वेळी ठिपके भलतीकडेच. आठव्या कागदाला माझा धीर सुटला. मी आधीच तोंडाने फटकळ, त्यात घाबरलेली. म्हणाले, "बाबा, तुम्हाला आता डावं-उजवंही कळेनासं झालंय."

 बाबा फोटो बोटाने मोठा करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू म्हणतस तर तसा आसतला. माझेच डोळे गेले आसतले." उठले, फाइल कपाटावर ठेवली, अगदी वर, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागू नये अशी. दुसऱ्या दिवसापासून बागेत जाणं बंद. सकाळी सहाला उठायचे आणि नुसते गॅलरीत बसायचे. मी आणि नवरा स्वयंपाकघरात कुजबुजत विसरभोळेपणाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची का, हे ठरवत होतो. इंजिनियरला मीच फोन करून सांगितलं की बेडूक वेगळे निघाले, सॉरी. ती म्हणाली, ठीक आहे, मग सोमवारी सकाळी पंप लावते.

शनिवारी ड्यूटीवर एक बाई आपल्या छातीची जुनी फिल्म घेऊन आल्या. आता आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण जुन्या फिल्म बघायला दिव्याची पेटी अजून भिंतीवर आहे. मी फिल्म लावली, तर हृदय बाईंच्या उजव्या अंगाला. म्हणजे मी उलट्या बाजूने लावली होती. यात विशेष काही नाही, हातून होतं असं. मी फिल्म काढली, फिरवली, पुन्हा लावली, हृदय जागेवर आलं. आणि माझा हात तिथेच राहिला.

रोलरवरची नक्षी कशी असते, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलेलं होतं. रोलरवर ती उलटी कोरायची, तेव्हा कुठे कापडावर सुलटी उमटते. बाबा इतकी वर्षं डोळ्यांनी सुलटं बघत होते आणि हाताने उलटं कोरत होते. त्यांच्यासाठी ती दोन वेगळी चित्रं नव्हतीच मुळी. म्हणूनच त्यांनी मला विचारलं होतं, 'मग?' आणि मी, जी दिवसातून पन्नास वेळा पेशंटचं डावं-उजवं तपासते, तिने त्यांना वेड्यात काढलं होतं.

ड्यूटी संपल्यावर मी चालत नाही, जवळजवळ पळतच घरी आले. चपला काढल्या न काढल्या तोच स्टुलावर चढून फाइल खाली घेतली. बाबा गॅलरीत होते. मी तीनबुट्टीचा कागद काढला, पालथा केला आणि गॅलरीच्या उजेडात धरला. बटर पेपर, त्यामुळे सगळं आरपार दिसत होतं. शेजारी मोबाइल धरला. तीन ठिपके डाव्या खांद्यावर. त्यांच्या खालचे दोन छोटे, तेही. कमरेजवळचा अर्धगोल, तोही. पायजमा जुळला. जाळीवाली जुळली. एकवीसपैकी सोळा जण जुळले, आणि उरलेल्या पाचांचे फोटोच मला मिळाले नव्हते.

मला रडू आवरेना. "बाबा, माझं चुकलं," मी म्हणाले. "तुमचे डोळे शाबूत आहेत. माझेच फुटले होते. मी फार वाईट बोलले तुम्हाला."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. एका बाजूने बघितला, पालथा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ त्यांना फरकच लागत नव्हता, हे मला दिसत होतं. मग एकदम लागला असावा, कारण त्यांनी कपाळावर हात मारला.

"सगळे उलटे काढले मी?"

"सगळेच्या सगळे."

"काय सांगतस!" आणि ते हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता, जसे ते हसतात. "खात्यात एक जरी सुलटो काढलो आसतो, तर मास्तरान दुसऱ्या दिवशी घराक धाडलो आसतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडतस कित्याक? बेडूक जिवंत आसत मा?" या माणसाला स्वतःच्या डोळ्यांची, डोक्याची, मी केलेल्या अपमानाची पडलीच नव्हती. इतके दिवस ते गॅलरीत बसून ज्यांचा शोक करत होते ते पाण्यात होते.

मी लगेच इंजिनियरला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण कागद फिरवून जुळतोय म्हटलं तर उद्या मला कोणीही म्हणेल, फिरवून फिरवून काहीही जुळेल. सोमवारी मी येणारच आहे. मला समोर दाखवा." मला तिचं म्हणणं पटलं. मीही हेच म्हणाले असते.

सोमवारी सातला पंप येऊन उभा होता. पाइप कठड्यावरून आत सोडलेला, पंपवाला बाकावर चहा पीत बसलेला. इंजिनियरने फाइल उघडली, न बघता मधलाच एक कागद ओढला आणि बाबांसमोर धरला. "हा आहे का आत्ता तळ्यात?"

बाबांनी पाण्यावरून नजर फिरवली. "आहे. त्या कोपऱ्यातल्या पानाच्या मागे. पण मी बोलावणार नाही, तो त्याचा त्याचा येईल."

आम्ही थांबलो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. हास्यक्लब आटोपला. पंपवाल्याचा दुसरा चहा झाला. माझी ड्यूटी चुकणार होती. बेडूक आला नाही तर मी यांना दुसऱ्यांदा तोंडघशी पाडणार, एवढं एकच डोक्यात. बाबा मात्र हात मागे बांधून निवांत उभे होते. नातेवाइकांना आणायला स्टँडवर आलेला माणूस उभा असतो, तसे. ऊन पानावर आलं तसं पान हललं आणि एक मळकट, ओला, चार बोटांचा जीव त्यावर चढून बसला.

इंजिनियरने पालथा कागद आकाशाकडे धरला. तोंडाने मोजायला लागली. एक, दोन, तीन. कागदाकडे, बेडकाकडे, पुन्हा कागदाकडे. अकरा ठिपके मोजून झाल्यावर ती नुसतं "आई शप्पथ" म्हणाली. तेवढ्यात बाबांनी दगडाकडे बोट केलं, "आणि ही जाळीवाली." तिने तोही कागद शोधला, तोही मोजला. मग मोजायचं सोडून ती बाबांकडेच बघत राहिली. त्या नजरेत जे होतं ते मी ओळखलं. ऑगस्टमध्ये माझ्याही नजरेत तेच होतं.

तिने बाकावर बसून शेरा लिहिला. काम दोन टप्प्यांत, मधे बांध, अर्ध्या भागात पाणी राखावे.

"बेडकांचं काय लिहिलंत?" बाबांनी विचारलं.

"'तळ्यात सोळा बेडूक वर्षभर आढळतात.' बरोबर?"

बाबा थोडे घुटमळले. "मॅडम, तिथे 'कायम' लिहाल का?"

तिला कळलं नाही. मला कळलं, नवऱ्याने सांगितलेलं होतं. बाबा गिरणीत पहिली नऊ वर्षं बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर तेवढ्या दिवसापुरतं काम, नसेल तर डबा घेऊन घरी. नवरा लहानपणी चालायला लागला त्या वर्षी बाबांना कायम केल्याचं पत्र मिळालं, आणि त्या दिवशी बाबांच्या आईने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते.

"बदलीवाल्याला कोणीही उद्यापासून येऊ नको म्हणायचं," बाबा तिला समजावून सांगत होते, हळू आवाजात, जणू काही तांत्रिक मुद्दा आहे. "कायम असला की तसं म्हणता येत नसे. म्हणून म्हणतो. तुम्ही उद्या बदलून जाल, दुसरं कोणी येईल. 'कायम' लिहा."

तिने 'वर्षभर आढळतात' वर आडवी रेघ मारली आणि वरच्या बाजूला 'कायम राहतात' असं लिहिलं. तिची सही पुरी होईपर्यंत बाबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि पंपवाल्याला म्हणाले, "चला, आधी बांध घाला, मग करा तुमचं काम सुरू."